आग होतेय, थांबा!

घाट लागायच्या आधी अर्धी अव्होमिन पाण्याबरोबर घेणं हा आपल्यापैकी कितीतरी जणांच्या लहानपणच्या प्रवासाचा भाग होता. एसटीत खिडकीची जागा, हातात आवळासुपारी आणि आईच्या पर्समधून निघालेली ती छोटीशी गोळी. त्या गोळीतल्या औषधाचं नाव प्रोमेथाझिन. मळमळ, उलटी, ॲलर्जी यांवर ते जगभर अनेक दशकं वापरलं जातंय. गोळीचा त्रास सहसा एवढाच की डोळ्यांवर झोप येते आणि घाटातलं सृष्टिसौंदर्य बघायचं राहून जातं.

हेच औषध इंजेक्शनच्या रूपात अमेरिकेत ‘फेनर्गन’ या नावाने ओळखलं जातं. अशाच एका इंजेक्शनमुळे व्हरमाँटमधल्या एका संगीतकार बाईंना आपला उजवा हात गमवावा लागला. औषध बनावट नव्हतं, मुदत उलटून गेलेलंही नव्हतं. ते शिरेत जायला हवं होतं आणि पोचलं धमनीत.

दिवाळीच्या अंकात, चकली-चिवड्याच्या शेजारी, हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. कारण साधं आहे. आपल्याकडे आई-वडील, सासू-सासरे सहा-सहा महिने राहायला येतात, आणि त्यांना घेऊन कधी ना कधी इमर्जन्सी रूमची पायरी चढावी लागते. तिथे हाताला सलाइन लागतं, त्यातून औषधं दिली जातात. हजारदा हे सगळं सुरळीत पार पडतं. एखाद्या वेळी पडत नाही, आणि तेव्हा हात वाचवणारी पहिली सूचना बहुतेकदा कुठल्या यंत्राकडून येत नाही. ती रुग्णाच्या तोंडून येते. मी डॉक्टर नाही. मराठीत एम.ए. केलं आणि काही वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पण या विषयावर वाचत गेले तसतसं वाटू लागलं, की यातला एक भाग भाषेचाच आहे.

व्हरमाँटची हकिकत

पानगळीचे रंग बघायला आपण ज्या व्हरमाँटला जातो, तिथल्या डायना लेव्हाइन या व्यावसायिक संगीतकार. एप्रिल 2000 मध्ये अर्धशिशी आणि मळमळ यांसाठी त्या दवाखान्यात गेल्या. तिथे त्यांना वेदनाशामक डेमरॉल आणि मळमळीसाठी फेनर्गन, अशी दोन इंजेक्शनं स्नायूत दिली गेली. बरं वाटेना म्हणून त्या त्याच दिवशी पुन्हा गेल्या. या वेळी एका फिजिशियन असिस्टंटने औषध सिरिंजने थेट हाताच्या शिरेत ढकललं. या पद्धतीला ‘आयव्ही पुश’ म्हणतात.

औषध धमनीतल्या रक्तात मिसळलं. सुई थेट धमनीत गेली असेल, किंवा शिरेतून बाहेर झिरपलेलं औषध आसपासच्या धमनीतल्या रक्ताला जाऊन मिळालं असेल. परिणाम एकच झाला, गँगरीन. डॉक्टरांना आधी उजवा पंजा आणि नंतर कोपराखालचा सगळा हात कापावा लागला. वाद्यावर चालणारी बोटं गेली, त्याबरोबर उपजीविकाही गेली.

पुढे दवाखान्याशी तडजोड झाली आणि लेव्हाइनबाईंनी औषध बनवणाऱ्या वायेथ कंपनीवर दावा लावला. त्यांचं म्हणणं असं, की हे औषध थेट शिरेत ढकलण्यात एवढा धोका असेल, तर लेबलवर त्याची पुरेशी ताकीद हवी होती; थेंबाथेंबाने जाणाऱ्या सलाइनमधून देण्याची सुरक्षित पद्धत होतीच. व्हरमाँटच्या ज्युरीने 74 लाख डॉलरची भरपाई ठरवली. दवाखान्याकडून आधी मिळालेल्या रकमेमुळे कोर्टाने ती पुढे काहीशी कमी केली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. लेबल अन्न व औषध प्रशासनाने म्हणजे एफडीएने मंजूर केलेलं आहे, तेव्हा राज्याच्या कायद्याखाली आम्हाला जबाबदार धरता येणार नाही, असा तिचा मुद्दा होता. 4 मार्च 2009 रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की लेबलची जबाबदारी सर्वकाळ मूलतः उत्पादकाचीच असते.

या निकालपत्रातल्या दोन गोष्टी माझ्या मनात घर करून राहिल्या. पहिली ही, की फेनर्गनमुळे झालेल्या अशा इजेची पहिली घटना कंपनीच्या कानावर 1967 सालीच आली होती, आणि लेव्हाइनबाईंच्या आधी निदान 20 जणांचं गँगरीन होऊन अवयव कापावे लागल्याचा पुरावा न्यायालयापुढे होता. दुसरी गोष्ट अगदी साधी. औषध जात असताना आपल्याला दुखतंय, असं लेव्हाइनबाईंनी सांगितलं होतं. त्यानंतरही इंजेक्शन चालूच राहिलं. अशी तक्रार आली की ताबडतोब थांबा, हे लेबलवर छापलेलं होतं.

निकालानंतर त्याच वर्षी, सप्टेंबर 2009 मध्ये, एफडीएने या इंजेक्शनवर काळ्या चौकटीतली सर्वांत कडक ताकीद छापायला लावली. शिरेऐवजी स्नायूत खोलवर देणं पसंत करावं, असं त्यात आलं. 2023 च्या अखेरीस ही सूचना आणखी कडक झाली. शिरेतून द्यायचंच असेल तर पातळ करून, मोठ्या शिरेतून, सावकाश द्यावं. मनगटाच्या किंवा पंजाच्या शिरेतून देऊ नये.

ओढा आणि कालवा

एकच औषध शिरेत गेलं तर चालतं आणि धमनीत गेलं तर हात जातो, असं का?

माझं माहेर नाशिक जिल्ह्यातल्या कालव्याच्या पट्ट्यातलं, त्यामुळे मला हे पाण्यावरूनच कळतं. शिरा म्हणजे, शाळेच्या पुस्तकातल्या नीला, ओढ्यासारख्या असतात. लहान ओढा मोठ्या ओढ्याला मिळतो, तो नदीला, नदी समुद्राला. औषध शिरेत सोडलं की ते पुढे पुढे मोठ्या होत जाणाऱ्या प्रवाहात पडतं, पातळ होतं, हृदयातून आणि फुप्फुसांतून फिरून सगळ्या शरीरात पसरतं. ओढ्यात तांब्याभर रंग ओतला तर नदीला त्याचा पत्ताही लागत नाही.

धमन्या, पुस्तकातल्या रोहिणी, कालव्यासारख्या असतात. कालव्यातून चारी फुटते, चारीतून पाट, पाटातून सरी, आणि शेवटी पाणी वाफ्यात जातं. कालव्यात काही कचरा पडला तर तो पुढे जाऊन अरुंद सरीतच अडकणार आणि तिथला वाफा कोरडा पडणार. कोपराजवळच्या धमनीत गेलेलं औषध असंच जवळजवळ जसंच्या तसं, पातळ न होता, हाताकडे जातं. पुढे वाट निमुळती होत जाते आणि शेवटचे वाफे म्हणजे आपली बोटं.

बोटांत पोचल्यावर काय होतं हे औषधावर अवलंबून असतं. याचा सर्वांत जास्त अभ्यास झाला तो थायोपेंटोनवर. ऑपरेशनच्या टेबलावर रुग्णाला झोपवण्यासाठी अनेक दशकं वापरलं गेलेलं हे औषध जुने डॉक्टर ‘पेंटोथाल’ म्हणून ओळखतात. ऑक्सफर्डचे भूलशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी 1943 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका सहकाऱ्यासह याबद्दल इशारा दिला होता. थायोपेंटोनचं द्रावण अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच दहाच्या वर. रक्ताचा पीएच साधारण 7.4. दोन्ही एकत्र आले की औषधाचे बारीक स्फटिक बनतात. शिरेत ते पुढच्या प्रवाहात विरून जातात, धमनीत मात्र केसाएवढ्या वाहिन्यांमध्ये जाऊन रुततात. त्यातच धमनी आकसून घट्ट होते, तिच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते, त्यावर रक्ताच्या गुठळ्या धरतात. फेनर्गनचं द्रावण उलट आम्लधर्मी, पण अस्तराला जाळण्यात तेही कमी नाही.

काही औषधांचं द्रावण पाचऐवजी अडीच टक्क्यांचं ठेवलं, म्हणजेच पातळ केलं, की इजेची तीव्रता कमी होते, हा धडा थायोपेंटोननेच दिला. आज नर्स एखादं औषध लहान पिशवीत मिसळून हळूहळू सोडते आणि आपण घड्याळाकडे बघत कंटाळतो, तेव्हा हे आठवावं.

चूक होते कशी?

कोपराच्या खळग्यात रक्त काढायला सगळ्यांत सोपी शीर असते आणि तिच्याच खाली हाताची मुख्य धमनी जाते. दोघींच्या मध्ये एक पातळ, चिवट पडदा आहे. रोग्याचं रक्त काढून उपचार करण्याच्या जुन्या काळात युरोपातल्या न्हाव्यांचं पातं याच पडद्यामुळे धमनीपर्यंत पोचत नसे, म्हणून त्याला ‘देवाची कृपा’ अशा अर्थाचं फ्रेंच नाव पडलं. पण सगळ्यांच्याच बाबतीत ही कृपा पुरत नाही. काहींची एखादी धमनी जन्मतःच वेगळ्या वाटेने, कातडीच्या अगदी खालून जाते. अशी धमनी दिसायला शिरेसारखीच असते.

बाहेरून ओळखायच्या खुणा आहेत. धमनीतलं रक्त लालभडक असतं, शिरेतलं काळपट. धमनीतलं रक्त ठोक्याठोक्याने सुईत उसळतं, कधी सलाइनच्या नळीत उलटं चढतं. पण रुग्णाचा रक्तदाब खूप उतरलेला असेल किंवा शरीरात प्राणवायू कमी असेल, तर या खुणा फसवतात. स्थूल शरीर आणि सावळी कातडी असेल तर शीर शोधणंच अवघड होतं, आणि आपल्यातल्या बऱ्याच ज्येष्ठांना हे दोन्ही लागू पडतं. अतिदक्षता विभागात तर रक्तदाब सतत मोजण्यासाठी मनगटाच्या धमनीत मुद्दाम नळी घातलेली असते. ती शिरेच्या नळीसारखी दिसू नये म्हणून तिला लाल खूण करतात, तरी घाईत गल्लत झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत.

आणखी एक गट आहे, त्याबद्दल आपल्याकडे बोलणं टाळलं जातं. नशेसाठी गोळ्या कुटून, पाण्यात विरघळवून टोचून घेणारी मुलं. धमनीतल्या इजेची बरीच प्रकरणं अशीच घडतात, आणि गोळीतला न विरघळणारा चुरा बोटांच्या वाहिन्यांत अडकल्याने ती फार वाईटही असतात. अशा वेळी मूल घाबरून गप्प बसतं, घरचे लाजेपोटी गप्प बसतात आणि हात वाचण्याची वेळ निघून जाते. डॉक्टरांना खरं काय टोचलं ते ताबडतोब सांगणं, एवढं एकच तेव्हा महत्त्वाचं.

पहिली काही मिनिटं

औषध धमनीत गेलं की रुग्णाला बहुधा लगेच कळतं. सुईच्या जागेपासून बोटांकडे सरसरत जाणारी भयंकर आग. दिशा लक्षात ठेवा. शिरेतली जळजळ सहसा सुईजवळ किंवा खांद्याच्या बाजूला जाणवते, धमनीतली बोटांकडे उतरते. मग पंजा पांढराफटक पडतो किंवा त्यावर जाळीसारखे निळसर डाग उमटतात. मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, सूज चढते. यात एक फसवी गोष्ट आहे. मनगटाची नाडी व्यवस्थित लागू शकते. मोठा कालवा वाहत असतो, कोरडे पडलेले असतात ते शेवटचे वाफे. त्यामुळे “नाडी लागतेय ना, मग ठीक आहे” हा दिलासा पुरेसा नाही.

अशा वेळी घाबरलेल्या नातेवाइकाच्या हाताला पहिली ऊर्मी होते ती सुई उपसून काढण्याची. तेच करायचं नाही. औषध थांबवायचं, सुई तिथेच ठेवायची. ज्या वाटेने औषध गेलं, त्याच वाटेने उपाय पाठवता येतो. सुई खरंच धमनीत आहे का, हे तपासता येतं, तिथून साधं सलाइन हळू सोडून वाट खुली ठेवता येते आणि धमनी सैल करणारी औषधंही थेट देता येतात. एकदा सुई काढली की आकसलेल्या धमनीत पुन्हा शिरणं सोपं नसतं.

त्यानंतरच्या उपचारांना एकच ठरलेला सार्वत्रिक क्रम नाही, कारण असे रुग्ण मोजके असतात आणि डॉक्टरांना बरंचसं एकेका रुग्णाच्या अनुभवातूनच शिकावं लागलं आहे. पण दिशा स्पष्ट आहे. गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिन देतात. वेदना कमी करतात, कारण वेदनेनेही वाहिन्या आकसतात. हात उंचावर ठेवतात म्हणजे सूज उतरते. धमनी सैल पडावी म्हणून पॅपाव्हरिन, इलोप्रोस्ट यांसारखी औषधं वापरतात. काखेजवळच्या किंवा मानेतल्या मज्जातंतूंना भूल देऊन हाताच्या वाहिन्या रुंदावतात. हे टोचणं हेपॅरिन सुरू करण्याआधी झालं तर बरं, नाहीतर तिथे रक्तस्राव होण्याची भीती असते. अँजिओग्राफीत गुठळी दिसली तर ती विरघळवणारं औषध देतात. सूज वाढून आतल्या आत स्नायू चिरडले जाऊ लागले, तर कातडी आणि खालचं आवरण उभं चिरून दाब मोकळा करावा लागतो. त्याला फॅशिओटॉमी म्हणतात. दिसायला ते भयानक असतं, पण त्यामुळे हात वाचू शकतो. एवढं करूनही काही बोटं काळी पडतात. कुठवर कापायचं हे ठरवायला शल्यविशारद शक्य असेल तर थांबतात, म्हणजे वाचणारा भाग उगाच जात नाही. त्यानंतर महिनोन्‌महिने फिजिओथेरपी.

या सगळ्यात घरच्यांच्या हातात असलेल्या गोष्टी तीन. बांगड्या, पाटल्या, अंगठ्या त्या हातातून ताबडतोब उतरवा. सूज चढल्यावर त्या फास होतात. “सोन्याच्या बांगड्या उतरवणं बरं दिसत नाही” हा संकोच त्या वेळी बाजूला ठेवा. चोळू नका, तेल लावू नका, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नका, बर्फही लावू नका. बधिर झालेल्या हाताला भाजलेलं कळत नाही. आणि घरी आल्यावर काही तासांनी बोटं गार, निळी, बधिर होऊ लागली तर सकाळची वाट बघू नका, 911 ला फोन करा. पाहुण्यांचा विमा, बिल, यांची काळजी मनात येणारच. पण 1986 च्या संघीय कायद्यानुसार इमर्जन्सी रूमला पैशांचा विचार न करता रुग्ण तपासून आधी स्थिर करावाच लागतो.

चालायचंच

आता भाषेकडे येते. गेल्या वर्षी सासूबाईंना उलट्या होऊन अशक्तपणा आला, तेव्हा आम्ही त्यांना इमर्जन्सीत नेलं. सलाइन लावल्यावर नर्सने दोनदा विचारलं, “दुखतंय का?” मी मराठीत विचारलं. त्या पदराचं टोक मुठीत धरून म्हणाल्या, “थोडं चुरचुरतंय, चालायचंच.” त्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघून मी नर्सला “खूप दुखतंय” असंच सांगितलं. सुई शिरेतून निसटून सलाइन कातडीखाली जात होतं. तिने ते लगेच बंद केलं, दुसऱ्या हाताला लावलं आणि हसून म्हणाली, “त्यांना सांगा, मला लगेच सांगत जा.” दुसऱ्या दिवशी सूज उतरली. साध्या सलाइनच्या जागी एखादं जहाल औषध असतं, तर ‘थोडं चुरचुरतंय’ हे वाक्य महागात पडलं असतं.

आपल्या आधीच्या पिढीला सोसण्याचं वळण आहे. बायकांना तर विशेष. बाळंतपणात ओरडली नाही याचं कौतुक होतं, डॉक्टरांसमोर तक्रार करणं म्हणजे त्यांचा अपमान वाटतो, आणि मुलाच्या घरी पाहुणे म्हणून आल्यावर तर आपल्यामुळे कुणाला त्रास नको, ही भावना सगळ्यांवर मात करते. ही सवय एरवी मोठेपणाची असेल. सुई टोचलेली असताना ती धोक्याची आहे.

दुसरीकडे मराठीइतके वेदनेचे शब्द फार थोड्या भाषांना लाभले असतील. ठणका, कळ, चमक, सल, शूळ, चुरचुर, जळजळ, आग, भगभग, झिणझिण्या, रग. प्रत्येकाची जागा वेगळी, वेळ वेगळी. ‘आग होते’ आणि ‘ठणकतंय’ यांतला फरक आपल्या आईला नेमका माहीत असतो. इंग्रजीत या सगळ्याचं ‘पेन’ होऊन जातं, आणि नेमकी ‘आग’ हीच खूण वाटेत हरवते. म्हणून भाषांतर करताना सरसकट ‘शी हॅज पेन’ म्हणू नका. आग म्हणजे बर्निंग, ठणका म्हणजे थ्रॉबिंग, मुंग्या म्हणजे टिंगलिंग, बधिर म्हणजे नंब. आणि ती आग कुठून कुठे जाते, हेही विचारा.

आपण सोबत नसू तेव्हा काय? इथल्या बहुतेक सगळ्या रुग्णालयांना सरकारी निधी मिळत असल्यामुळे, नागरी हक्क कायद्यानुसार रुग्णाला त्याच्या भाषेतला दुभाषा विनामूल्य मिळवून देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. प्रत्यक्ष माणूस नसेल तर फोनवर किंवा व्हिडिओवर मराठी दुभाषा मिळतो. “मराठी इंटरप्रिटर, प्लीज” एवढं म्हणणं पुरतं. शाळकरी नातवंडांना दुभाषा करू नये. एक तर त्यांना नेमके शब्द माहीत नसतात, आणि आजी-आजोबा त्यांच्यासमोर दुखणं आणखीनच लपवतात.

भारतात गेल्यावर

हा धोका सलाइनपुरताच नाही. स्नायूत द्यायचं इंजेक्शनही चुकून लहानशा धमनीत किंवा तिच्या लगत जाऊ शकतं. मग टोचल्याजागी तीव्र कळ येते, कातडी पांढरी पडते, त्यावर जाळीदार निळसर चट्टा उठतो आणि काही दिवसांत तो भाग काळा पडून गळतो. 1920 च्या दशकात उपदंशावर बिस्मथची इंजेक्शनं देत, तेव्हा हे प्रथम नोंदलं गेलं, आणि ज्यांनी त्याचं वर्णन केलं त्यांच्यावरून त्याला निकोलाऊ सिंड्रोम म्हणतात. पुढे लहान मुलांना कमरेत दिलेल्या पेनिसिलिननंतर आणि अंगदुखीसाठी दिलेल्या डायक्लोफिनॅकनंतरही ते दिसलं.

डायक्लोफिनॅक म्हणजे आपल्या गावाकडची ‘दुखण्याची सुई’. सुट्टीत गेल्यावर कंबर धरली की ‘एक इंजेक्शन मारून घे, संध्याकाळपर्यंत ठणठणीत’ हा सल्ला मिळतोच, आणि सुई न देणारा डॉक्टर अजूनही काहींना डॉक्टर वाटत नाही. गोळीने काम होणार असेल तर सुईचा आग्रह धरू नये, आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर ती कमी दर्जाची मानू नये. अव्होमिनची गोळी आणि फेनर्गनची सुई यांतलं औषध एकच, धोका मात्र अजिबात सारखा नाही.

घरी करायची तालीम

हे वाचून कुणी सुईला घाबरावं असं मला वाटत नाही. असे अपघात विरळ आहेत आणि सुईच्या जागी होणारी बहुतेक जळजळ साध्या कारणांची असते. काही औषधं योग्य शिरेतूनही चुरचुरतात. पण साधं कारण आहे की गंभीर, हे ठरवणं नर्सचं आणि डॉक्टरांचं काम. आपलं काम सांगण्याचं. सांगणं म्हणजे त्यांच्यावर आरोप करणं नव्हे. त्यांना ती माहिती हवीच असते.

आई-बाबा आले की आपण त्यांना मायक्रोवेव्ह, दाराचं कुलूप आणि 911 शिकवतो. त्यात आणखी तीन वाक्यं घाला. “स्टॉप, इट बर्न्स.” “माय फिंगर्स आर नंब.” “मराठी इंटरप्रिटर, प्लीज.” वर्गात कविता पाठ करून घ्यायचे तशी मी ही वाक्यं घरात मोठ्याने म्हणवून घेतली. पहिल्यांदा सासूबाई लाजल्या, सासऱ्यांनी विनोद केला. तिसऱ्या दिवशी दोघं फुलक्याला तूप लावता लावता एकमेकांना “स्टॉप, इट बर्न्स” म्हणून हसत होते. मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिहून ती चिठ्ठी पाकिटात, औषधांच्या यादीबरोबर ठेवली आहे.

आणि इंग्रजी शब्द ऐन वेळी आठवलाच नाही, तर मराठीतच, पण मोठ्याने म्हणायचं, दुसरा हात वर करून: “आग होतेय, थांबा!” भाषा कळली नाही तरी तो आवाज आणि तो हात कुठल्याही नर्सला कळतो.